आवाज गेला, आवाज गेला!

“आवाज गेला, आवाज गेला!” मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि दुसऱ्या वर्षाचा एक भला मुलगा उठून चक्क स्पीकरची वायर हलवायला लागला. पडद्यावर त्या वेळी आमच्या फिल्ममधला सगळ्यात विचार करून रचलेला क्षण चालू होता. म्हातारा तांबट हातोडा मारतोय आणि त्याला स्वतःचाच ठोका ऐकू येत नाहीये. त्याचं बहिरेपण बघणाऱ्याला आतून जाणवावं म्हणून आम्ही बावीस सेकंद आवाज पूर्ण बंद केला होता. लोकांना जाणवलं एवढंच, की स्पीकर बिघडलाय. त्या मुलाने वायर इतक्या मनापासून हलवली की ती खरंच निघाली, आणि बावीस सेकंदांनी आवाज परत यायला हवा होता तेव्हा आलाच नाही.

मी अंधारात, भिंतीला टेकून उभी होते. आमच्या संकलकाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. हसावं की रडावं हे दोघांनाही ठरवता येत नव्हतं.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही चौघांनी ही शॉर्ट फिल्म केली. मी लेखन-दिग्दर्शन, एक मित्र कॅमेऱ्यावर, एक संकलनाला आणि एक मैत्रीण बाकी सगळं, म्हणजे परवानग्या, चहा, रिक्षा, भांडणं मिटवणं. गोष्ट साधी. जुन्या नाशकात भांडी बाजाराच्या आसपास राहणारा एक म्हातारा तांबट. आयुष्यभर ठणठणाटात बसून त्याचे कान गेलेत, पण तो कुणाला सांगत नाही. बारावीतल्या नातीला संशय आहे. लग्नाच्या घंगाळाची मोठी ऑर्डर येते, म्हातारा जिद्दीने बसतो, आणि ऐन शेवटच्या हातावर भांडं फाटतं. मग तो गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जातो आणि हातोडा पाण्यात टाकून देतो. संपलं. म्हाताऱ्याच्या कामाला राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं कामं केलेले एक अण्णा मिळाले. डिसेंबरात सहा दिवसांत शूटिंग उरकलं आणि जानेवारीत सतरा मिनिटं वीस सेकंदांचा रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, तयार झाला. नाव ठेवलं ‘ठोका’.

पहिल्यांदा दाखवली ती कॉलेज रोडच्या खोलीवर, लॅपटॉपवर, आमच्याच वर्गातल्या नऊ जणांना. सगळे म्हणाले, “मस्त झालीये यार.” एकाने फ्रेमिंगचं कौतुक केलं, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही एक छापील फॉर्मही दिला होता. कथा, अभिनय, छायाचित्रण, संकलन, आवाज, प्रत्येकाला पाचपैकी गुण द्या. जिकडे तिकडे चारच चार. त्या रात्री मिसळ खाताना आम्ही कुठल्या कुठल्या महोत्सवाला पाठवायची याची यादी केली. आता मागे वळून बघताना वाटतं, त्या नऊ जणांचा काहीच दोष नव्हता. त्यांना गोष्ट आधीच माहीत होती. पटकथा त्यांनी वाचली होती, तिघं तर शूटिंगला रिफ्लेक्टर धरून उभे होते. म्हातारा बहिरा आहे हे त्यांना पहिल्या फ्रेमपासून ठाऊक होतं, त्यामुळे फिल्म ते सांगतेय की नाही हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. आणि चार गुणांचं काय करायचं? संकलनाला चार मिळाले म्हणून कुठला शॉट कापायचा?

दुसऱ्या वेळी आमच्या विभागाच्या छोट्या हॉलमध्ये दाखवायचं ठरलं तेव्हा बाकी सगळं सांभाळणाऱ्या मैत्रिणीने दोन अटी घातल्या. एक, ज्यांना गोष्ट माहीत नाही असेच लोक बोलवायचे. दुसरी, मी सुरुवातीला भाषण करायचं नाही. दुसरी अट मला फार जड गेली. “ही फिल्म अशा अशा विषयावर आहे” एवढं सांगायला जीभ वळवळत होती. पण घरी बसून फिल्म बघणाऱ्याच्या शेजारी मी थोडीच बसणार आहे? गप्प राहिले.

फॉर्मही बदलला. गुण काढून टाकले. चारच प्रश्न ठेवले. गोष्ट तीन-चार वाक्यांत लिहा. कुठे कंटाळा आला? कुठे काय चाललंय ते कळलं नाही? म्हाताऱ्याला शेवटी काय झालं? ‘आवडली का’ हा प्रश्न मुद्दामच नव्हता, कारण त्याचं उत्तर समोर दिग्दर्शक उभी असताना काय येणार हे उघड आहे. नाव लिहायची सक्ती नाही. आणि सगळ्यांनी आधी लिहायचं, मग बोलायचं. हे शेवटचं सगळ्यात कामाचं ठरलं. चर्चेत पहिला माणूस जे बोलतो त्याच्याच मागे पुढचे पाच जातात. त्याने “संगीत छान” म्हटलं की संगीतावरच गाडी अडकते.

बावीस लोक आले. वायरचा प्रसंग सांगितलाच. रात्री खोलीवर फॉर्म वाचायला बसलो आणि चेहरे उतरत गेले. म्हाताऱ्याला काय झालं, या प्रश्नाला नऊ जणांनी लिहिलं होतं, “ॲटॅक आला.” चौघांनी, “दमला.” एकाने, “व्यसन असावं.” बहिरेपण पाच जणांनी ओळखलं होतं, त्यातल्या दोघांनी पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. भांडं फाटलं हे तर फक्त एका मुलीने लिहिलं. म्हणजे ज्याच्यावर अख्खी गोष्ट उभी, ते बावीसपैकी एकीला दिसलं. बरोबरच आहे. तांब्याला गेलेली चीर केसाएवढी, आम्ही ती दोन सेकंद दाखवली होती, आणि त्याच वेळी आवाज बंद होता. आम्ही चौघं टाइमलाइनवर तोच शॉट दीडशे वेळा बघत होतो, आम्हाला ती चीर रस्त्यातल्या खड्ड्याएवढी दिसायची.

कॅमेरावाला चिडला. “लोकांना लक्ष देऊन बघायचंच नसतं,” त्याचं म्हणणं. मी तोंडाने त्याला शांत करत होते आणि मनात त्याच्याशी शंभर टक्के सहमत होते. दोन दिवस आम्ही फाइल उघडलीच नाही.

आमच्या गावात सिनेमाचं नाव काढलं की फाळके आडवे येतातच. त्र्यंबकेश्वरचा जन्म, १८७० चा, आणि १९४४ साली शेवटचा श्वासही इथे नाशकातच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे शाळेच्या सहलीत आम्ही सगळे जाऊन आलेलो. पण एक गोष्ट मला या प्रकल्पाच्या नादात पहिल्यांदा नीट कळली. १९१२ मध्ये पूर्ण लांबीच्या चित्रपटाला हात घालण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि थोडी थोडी फ्रेम घेत त्या रोपाचं वाढणं टिपलं. ती एवढीशी फिल्म त्यांनी निवडक लोकांना दाखवली आणि त्यातून पैसे उभे राहिले. त्या माणसाने वाटाणा का निवडला असेल, याचा मी त्या दोन दिवसांत बराच विचार केला. बी, कोंब, वेल. समोरच्याला काही म्हणजे काही समजावून सांगावं लागत नाही. आमचा तांबट मात्र फॉर्मवर ‘व्यसन असावं’ झाला होता.

तिसऱ्या दिवशी संकलकाने दुसरी फाइल उघडली. हॉलमध्ये आम्ही बाजूला एक मोबाइल ट्रायपॉडवर लावून प्रेक्षकांचंच चित्रण केलं होतं, अर्थात त्यांना आधी सांगून. फिल्ममधला पहिला ठोका दोन्हीकडे ऐकू येतो, तिथे दोन्ही व्हिडिओ जुळवले आणि शेजारी शेजारी लावून बघितले. काय सांगू, फॉर्मपेक्षा हे शंभर पटीने बोलकं होतं. सुरुवातीला सगळे स्थिर. मग एक मोबाइल उजळला, मग दुसरा, चौथ्या मिनिटाला हॉलमध्ये काजव्यांचं झाड. ऑर्डर द्यायला गिऱ्हाईक येतं तिथे सगळे काजवे एकदम विझले. म्हणजे गोष्ट खरी तिथून सुरू होत होती. त्याआधीची चार मिनिटं आम्ही नाशिक दाखवत होतो.

आणि टाळ्या. तेरा मिनिटं चाळीस सेकंदांवर म्हातारा हातोडा खाली ठेवतो, नात दारात उभी असते, पडदा क्षणभर काळा होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग फिल्म पुढे सुरू झाली, लोक ओशाळून थांबले, एकाने उचललेली बॅग परत खाली ठेवली. पुढे गंगाघाट, पायऱ्या, हातोडा, पाणी, लाटा, परत काळा पडदा, कुणीतरी चुकून परत दोन टाळ्या, मग नातीचा चेहरा. “संपली संपली म्हणता परत चालू होतेय,” असं फॉर्मवर तिघांनी लिहिलं होतं ते का, हे आता दिसत होतं. अख्ख्या हॉलने एकमताने सांगितलं होतं की फिल्म इथे संपते. कापा म्हणून त्यांनी कुठेच लिहिलं नव्हतं. फक्त टाळ्या वाजवल्या होत्या.

टाइमलाइनवर आम्ही खुणा करत गेलो. एकच माणूस अडखळला तिथे पिवळी, तीन किंवा जास्त अडखळले तिथे लाल. लाल जागी आता वाद घालायचा नाही असं ठरलं. पण त्या जागी काय करायचं, हे मात्र प्रेक्षकांच्या सूचनांवर सोडायचं नाही, हेही लवकरच कळलं. सूचना भरपूर होत्या. बहिरेपण कळत नाही तर निवेदन टाका. गाणं टाका. सुरुवातीला डॉक्टरचा प्रसंग टाका. सदरा काखेत दाटतोय हे गिऱ्हाईक अगदी अचूक सांगतं, पण कुठली शिवण उसवायची ते शिंप्याने बघायचं असतं. डॉक्टरचा प्रसंग टाकला असता तर फिल्म आणखी दोन मिनिटं वाढली असती आणि काजवे परत पेटले असते.

नावाचं तर हसूच झालं. बाहेर लावलेल्या कागदावर ‘ठोका’ वाचून दोन पोरं मारामारीचा सिनेमा समजून आत आली होती. “कुणाला ठोकायचं?” असं त्यांनी दारातच विचारलं म्हणे. मराठीत हा शब्द नाम आहे तसा हुकूमही आहे, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

यानंतर जे झालं ते खरं तर सगळ्यात आधी व्हायला हवं होतं. ज्या काकांच्या दुकानात आम्ही शूटिंग केलं, त्यांनी दोनदा विचारलं होतं, “पोरांनो, कधी दाखवताय?” आम्ही “काम चालू आहे काका” म्हणून टाळत होतो. पूर्ण झाल्यावर नेऊन दाखवू, पेढे देऊ, असं मनात. मैत्रीण म्हणाली, पूर्ण झाल्यावर दाखवून काय उपयोग, तेव्हा ते फक्त कौतुक करतील. मग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रोजेक्टर रिक्षात घालून गल्लीत गेलो. वाड्याच्या चौकात दोरीवर पांढरी चादर, खाली सतरंजी, कोंडाळं करून पंचवीस-तीस माणसं, त्यात अर्धी पोरंसोरं. काकूंनी सगळ्यांना चहा केला. फॉर्म नेले होते, पण बाहेर काढायची हिंमत झाली नाही आणि गरजही पडली नाही. इथे लोक फिल्म संपायची वाटच बघत नव्हते. चालू असतानाच बोलत होते.

“हे काय धरलंय?” पहिल्याच ठोक्याला काका म्हणाले. “अण्णा हातोडा फिरवतायत. हातोडा फिरत नसतो. हात एकाच जागी पडतो, भांडं फिरतं.” त्यांनी समोरचा स्टीलचा पेला उचलून दाखवलं. उजवा हात वर-खाली, एकाच रेषेत, आणि डावा हात पेला बोटभर बोटभर सरकवतोय. “म्हणून तर मठार, म्हणजे भांड्यावरचा ठोक्यांचा नक्षा, ओळीत येतो. नाहीतर देवीचे व्रण दिसतील.” सहा दिवस आम्ही त्यांच्याच दुकानात होतो. सहाही दिवस ते समोर बसून बघत होते. “काका, तेव्हा का नाही सांगितलं?” तर म्हणाले, “तुम्ही विचारलं कुठे? मला वाटलं सिनेमात असंच करत असतील.”

फाटण्याचा प्रसंग आला. चौकातही कुणाला चीर दिसली नाही, पण काकांना भलतंच खटकलं होतं. “ते फाटलं का, ते तुम्ही सांगितलंच नाही.” मी म्हणाले, ऐकू येत नाही म्हणून. “अगं पण ऐकू न येण्याचा आणि फाटण्याचा काय संबंध, ते सांग की.” मला सांगता येईना. फिल्म लिहिणारी मी, आणि मला सांगता येईना. मग त्यांनी सांगितलं. तांबं ठोकत गेलं की कडक होत जातं. कडक झालं की ठोका वेगळा वाजतो, चढा. तो ऐकून कारागीर थांबतो, भांडं परत भट्टीत लाल करतो, मऊ करतो आणि मग पुढचा हात चालवतो. तो बदल ऐकू आला नाही तर हात चालूच राहतो आणि पत्रा फाटतो. “हाताला पण कळतं म्हणा. उलटा झटका बसतो. पण हाताचं ऐकायला हात तरुण लागतो.”

मी हे वाक्य तिथल्या तिथे मोबाइलमध्ये टिपलं. ज्या दुव्यावाचून आमची गोष्ट लोंबकळत होती, तो दुवा त्या दुकानात रोज सकाळी नऊपासून वाजत होता आणि आम्ही तो ‘ॲम्बियन्स’, म्हणजे नुसता मागचा आवाज, म्हणून रेकॉर्ड करून आणला होता.

“आणि चीर दाखवू नका. पाणी भरा त्यात,” काका म्हणाले. “भांड्याचं खरं-खोटं पाण्यात कळतं.”

मग गंगाघाट आला आणि अण्णांनी हातोडा पाण्यात फेकला. चौकात एकदम शांतता. आम्हाला वाटलं, जमला प्रसंग. काकू म्हणाल्या, “हातोडा टाकला? गंगेत?” शेजारच्या आजी म्हणाल्या, “खंडेनवमीला पूजतो आम्ही त्याला. सासऱ्यांच्या वडिलांचा हातोडा आहे आमच्याकडे. कुणी टाकतं होय?” रागाने नाही म्हणाल्या. घरचं माणूस चुकीचं वागलं की वाटतं तसं त्यांना वाईट वाटलं होतं. मला आठवलं ते वेगळंच. तो हातोडा परत मिळावा म्हणून आम्ही त्याला नायलॉनची दोरी बांधली होती आणि प्रत्येक टेकनंतर हसत हसत ओढून काढत होतो.

हॉलमधल्या बऱ्याच जणांनी सुचवलं होतं की शेवटी म्हातारा मेला पाहिजे, म्हणजे परिणाम होतो. मी काकूंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, “मरायला कशाला पाहिजे? याच गल्लीत ऐकू न येणारे चौघं आहेत, रोज कामाला बसतात. हे पण त्यातलेच.” काका चहाचे पेले गोळा करत होते, त्यांना हे ऐकू गेलं नाही. काकूंनी आवाज बारीक केला नव्हता. “आणि तुमच्या सिनेमात काहीच ऐकू येत नाही असं दाखवलंय, तसं नसतं. मी बोलतेय हे ह्यांना कळतं, काय बोलतेय ते कळत नाही. सोयीचं तेवढं मात्र बरोबर ऐकू येतं.”

हॉलमध्ये वायर हलवणाऱ्या मुलाला त्याने का हलवली हे कदाचित सांगता आलं नसतं. काकूंनी एका वाक्यात सांगितलं.

संकलकाने मग या विषयात डोकंच घातलं. सतत ठणठणाटात काम करणाऱ्यांचं ऐकणं आधी उंच पट्टीत जातं, साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या टप्प्यात, त्यातही ४००० च्या आसपास. खालचे स्वर शाबूत राहतात. आपल्या बोलण्यातले स, श, च, फ, ख यांचे फुसफुसणारे, घासणारे आवाज वरच्या पट्टीत असतात, आणि आ, ओ, ऊ खालच्या. म्हणून बोलणं चालू आहे हे कळतं, शब्द विरघळतात. म्हातारी माणसं “ओरडू नकोस, नीट बोल” म्हणतात ते उगाच नाही. त्याने बावीस सेकंदांची शांतता फेकून दिली आणि तिथे गल्लीचाच आवाज वरची पट्टी कापून लावला. हातोड्याचा ‘ठण्ण’ गेला, ‘धप्’ उरला. हेडफोनवर ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

मग तेच मोबाइलवर लावलं, तर परत “आवाज गेला”. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला खालचे स्वर पेलतच नाहीत, आणि आम्ही नेमके तेवढेच ठेवले होते. आजकाल निम्मे लोक मोबाइलवरच बघणार. तीन दिवस त्याने हीच एक गोष्ट केली. कापण्याची रेषा थोडी वर नेली, बदल झटक्यात करण्याऐवजी चार सेकंदांत हळूहळू उतरवला, खाली म्हाताऱ्याचा श्वास घातला. हेडफोन, लॅपटॉप, मोबाइल, विभागातले स्पीकर, सगळीकडे लावून बघितलं. शिवाय चित्रातूनही आधार दिला. मागून सायकलवाला घंटी मारत येतो, आपल्याला ती ऐकू येते, अण्णा वळत नाहीत. नात विचारते, “चहा ठेवू का?” ते म्हणतात, “हो, दार लाव.” एवढंच. डॉक्टर लागला नाही.

अर्ध्या दिवसाचं शूटिंग परत करावं लागलं. हातांचे शॉट काकांवर घेतले, अण्णांचा सदरा त्यांना घालून. अण्णांचे हात बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाचे होते, हे तेव्हा कुठे आम्हाला दिसलं. काकांच्या अंगठ्याला घट्टे, नखं काळी. कॅमेरावाला, तोच “लोकांना लक्ष देऊन बघायचंच नसतं” वाला, त्या हातांवर दोन तास रेंगाळला. मग पाण्याचा शॉट. घंगाळात कळशी ओतली, खाली कोरड्या फरशीवर एक ओली रेघ सरकत आली आणि अण्णांच्या पायाला लागली. अण्णांनी नुसतं खाली बघितलं. नाटकातली सवय म्हणून ते आधी प्रत्येक गोष्टीला मान, भुवया, खांदे सगळं वापरायचे. पायाला गार पाणी लागल्यावर त्यांना काही करावंच लागलं नाही. या शॉटवरची बासरी आम्ही काढून टाकली. “बासरी लागली की कळतं आता रडायचंय,” असं एका फॉर्मवर होतं. त्याऐवजी गल्लीत दुसऱ्या कुणाचे तरी ठोके चालू राहतात.

मला सगळ्यात जास्त दुखलं ते सुरुवातीला. रामकुंडावर धुक्यातली पहाट, पन्नास सेकंदांचा एकच संथ शॉट. त्यासाठी डिसेंबरच्या थंडीत तीन दिवस साडेचारला उठलो होतो. बोटं इतकी गारठायची की फोकस फिरवता यायचा नाही. काजवे याच शॉटपासून उडायला लागत होते. संकलक काही बोलला नाही, फक्त तो शॉट उचलून टाइमलाइनच्या बाहेर ठेवला आणि फिल्म पहिल्या ठोक्यापासून सुरू केली. मी बघितलं आणि म्हणाले, “परत लाव.” त्याने लावला. मी परत बघितलं. मग मीच काढायला सांगितला. तो शॉट अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, कुणी पाहुणे आले की दाखवते.

सगळ्याच सूचना आम्ही मानल्या असंही नाही. म्हातारा मेला नाही. एका प्राध्यापकांनी शेवटी ‘पारंपरिक कला जपा’ अशी पाटी टाकायला सांगितली होती, गुण त्यांच्याच हातात होते, तरी टाकली नाही. दोन-तीन जणांना नात फार कमी बोलते असं वाटलं. तिला तसंच ठेवलं, आणि त्याबद्दल मला अजूनही खात्री नाही. नाव बदलून ‘मठार’ केलं. हा शब्द कितीकांना माहीत असणार, यावर चौघांत दोन दिवस वाद झाला. शेवटी काकांनी पेला फिरवून दाखवला होता, तोच हावभाव काकांच्या हातांनी पहिल्याच शॉटमध्ये घातला आणि त्यावर नाव आणलं. आता ज्याला शब्द माहीत नाही त्यालाही कळतं.

मार्चमध्ये फिल्म जमा केली. बारा मिनिटं दहा सेकंद. दुपारी एक वाजता फाइल दिली आणि संध्याकाळी तीच घेऊन परत त्या चौकात गेलो. चादर तीच, सतरंजी तीच, पोरं आणखी वाढली होती. गल्लीचा आवाज हळूहळू विरघळत ‘धप् धप्’ उरला तेव्हा मी पडद्याकडे बघतच नव्हते, स्पीकरच्या वायरकडे बघत होते. कुणी उठलं नाही. एका पोराने हळूच स्वतःच्या कानात बोट घालून काढलं. फरशीवर पाणी सरकत आलं तसं आजींनी “अगं बाई” म्हटलं. हातोडा खाली ठेवला, पडदा काळा झाला, आणि या वेळी टाळ्यांनंतर काहीच सुरू झालं नाही.

काका उठून आले. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील.

“सहाव्या मिनिटाच्या आसपास,” ते म्हणाले, “गिऱ्हाईक बोलत असतं तेव्हा, मागे अण्णांच्या हातात भांडं फिरत नाहीये.”

संकलकाने डोळे मिटले. त्याला माहीत होतं. तो एक जुना शॉट आम्ही ठेवला होता, गिऱ्हाइकाचं काम त्यातच चांगलं झालं होतं म्हणून. “काका, आता फाइल दिली हो आम्ही,” तो म्हणाला.

काकांनी कान पुढे केला. “काय?”

“फाइल दिली, फाइल!”

“हां हां,” काका म्हणाले. “मग उद्या या सकाळी. नऊला दुकान उघडतो मी.”